अँटीग्लेअर कोटिंगच्या काचांवर चरे आणि जाळी: चष्मा नेमका कसा पुसावा?

भीमाकाठ:

नमस्कार. मी सोलापुरात राहतो. माझे काम सकाळी संगणकासमोर बसण्याचे आणि दुपारनंतर बांधकामांवर देखरेखीसाठी फिरण्याचे आहे, त्यामुळे चष्मा दिवसभर नाकावर असतो आणि धूळही दिवसभर त्याच्यावर असते. मागच्या वर्षी नंबर वाढला तेव्हा १.६० इंडेक्सच्या (इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वळवते त्याचे माप) प्लास्टिकच्या काचा करून घेतल्या. त्यांवर अँटीग्लेअर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेप आहे, चरे न पडणारे कोटिंग आहे, पाणी आणि तेल न धरणारा थरही आहे, असे दुकानदाराने सांगितले होते आणि किंमतही त्या मानानेच घेतली होती.

आता या काचांवर दोन वेगवेगळ्या प्रकारच्या खुणा दिसू लागल्या आहेत. उजव्या काचेच्या मधोमध आडवे, बारीक, जवळजवळ समांतर चरे आहेत आणि रात्री समोरून गाडीचा दिवा आला की ते चमकतात. डाव्या काचेवर मात्र चरे नाहीत. तिथे फ्रेमच्या वरच्या कडेपासून आत येणारी एक अतिशय बारीक जाळी आहे, जी समोरून पाहिल्यास अजिबात दिसत नाही, पण ट्यूबलाइटखाली काच तिरपी धरली की स्पष्ट दिसते. नख फिरवले तर काहीही लागत नाही.

दुकानदाराचे म्हणणे असे की दोन्ही गोष्टी माझ्या पुसण्यामुळे झाल्या. मी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत नाही. दुकानातूनच मिळालेले मायक्रोफायबरचे फडके वापरतो आणि ते नेहमी चष्म्याच्या डबीतच ठेवतो. बांधकामावर असताना धूळ बसली की ते फडके काढून पुसतो. घरी कधीतरी नळाखाली धुतो, परंतु आमचे पाणी बोअरवेलचे असल्याने वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, म्हणून धुण्याचा कंटाळा येतो. उन्हाळ्यात साध्या चष्म्याऐवजी नंबरचा गॉगल लावतो, तेव्हा हा चष्मा गाडीतच पुढे ठेवलेला असतो.

सहकाऱ्यांपैकी एकाने टूथपेस्ट लावून चरे घालवता येतात असे सांगितले, दुसऱ्याने काच साफ करण्याचा निळा स्प्रे सुचवला. कोणाचे ऐकावे ते कळत नाही. या दोन खुणा एकाच कारणाच्या आहेत की वेगवेगळ्या, आणि नवीन काचा घेतल्या तर त्या कशा राखाव्यात, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.


भिंगवाला:

भीमाकाठ, तुम्ही खुणांचे वर्णन फार नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी गेली बरीच वर्षे काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करतो. तुमच्या दोन्ही खुणांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतली एकच पुसण्याशी संबंधित आहे. दुकानदाराचे म्हणणे निम्मेच बरोबर आहे.

आधी डाव्या काचेबद्दल. नखाला न लागणारी, सर्व दिशांना फाटे फुटलेली आणि तिरप्या उजेडातच दिसणारी जाळी म्हणजे कोटिंगला गेलेले तडे होत. फडके कितीही वाईट असले तरी त्याने अशी जाळी पडत नाही. ती पडते उष्णतेने किंवा ताणाने. चष्म्याची प्लास्टिकची काच तापल्यावर फुगते, पण तिच्यावरचे अँटीग्लेअरचे थर हे धातूंच्या व सिलिकॉनच्या ऑक्साइडचे, म्हणजे जवळजवळ दगडाच्या जातीचे असतात आणि ते फारसे फुगत नाहीत. या प्लास्टिकचे प्रसरण त्या थरातल्या सिलिकाच्या प्रसरणापेक्षा शंभर पटींहून अधिक असते. खालचा पाया फुगला आणि वरचा कडक थर जागीच राहिला की थराला तडे जातात, आणि काच थंड झाली तरी ते तडे भरून येत नाहीत.

उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांबद्दल तर बोलायलाच नको. कोटिंग केलेल्या काचांना साधारण ६० अंशांच्या वर नेऊ नये असा संकेत आमच्या व्यवसायात पाळला जातो. त्यामुळे गाडीत ठेवलेला चष्मा हा माझ्या दृष्टीने पहिला संशयित आहे. स्वयंपाकघरात ओव्हनचे किंवा तंदूरचे झाकण उघडून चेहरा पुढे नेणे, हेअर ड्रायरने ओल्या काचा वाळवणे, कढत पाण्याखाली चष्मा धरणे, यांनीही हेच होते.

पण एक दुसरी शक्यताही सांगतो, जी दुकानदार आपणहून सांगणार नाही. तुमची जाळी वरच्या कडेपासून सुरू होते आणि एकाच काचेवर आहे, असे तुम्ही लिहिले आहे. गाडीतल्या उन्हाने बहुधा दोन्ही काचांवर परिणाम दिसला असता. काच फ्रेमच्या खाचेपेक्षा किंचित मोठी घासली गेली आणि स्क्रू आवळून बळेच बसवली, तर कडेला सतत दाब राहतो आणि तिथून तडे आत येतात. जाड प्लास्टिकच्या फ्रेममध्ये काच बसवताना फ्रेम गरम करतात. तेव्हा काचेसकट गरम हवा लागली तरी असेच होते. तुमची फ्रेम धातूची पूर्ण रिमची असेल, तर स्क्रू अर्धा फेरा सैल करून डाव्या काचेवर ताण आहे का हे दुसऱ्या एखाद्या दुकानातून पाहून घ्या. बऱ्याच ठिकाणी ध्रुवीकरणाच्या दोन पट्ट्यांमध्ये चष्मा धरून ताण पाहण्याचे साधे उपकरण असते. ताण असलेल्या जागी उजळ पट्टे दिसतात.

उजव्या काचेवरचे आडवे, समांतर चरे मात्र पुसण्याचेच आहेत. तुम्ही उजव्या हाताने पुसत असाल आणि फडके आडवे फिरवत असाल, तर चरे त्याच दिशेने पडतात. दोष मायक्रोफायबरचा नाही, काचेवर आधीच बसलेल्या कणांचा आहे. बांधकामावरची धूळ बसलेली काच कोरडीच पुसली, की फडके ते कण काचेवरून ओढत नेते. शिवाय एकदा कण धरलेले फडके पुन्हा डबीत जाते, डबीच्या तळाशी साचलेली माती त्याला लागते, आणि पुढच्या वेळी स्वच्छ काचेवरही तेच कण फिरतात. डबी आतून कधी धुतली होती, हा प्रश्न मी गिऱ्हाइकांना नेहमी विचारतो आणि उत्तर बहुधा हसूच असते.

टूथपेस्ट अजिबात लावू नका. त्याबद्दल सविस्तर नंतर लिहितो.


प्रयोगवही:

भिंगवाला यांनी कारणे नेमकी सांगितली आहेत. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे, म्हणून त्यामागचे शास्त्र थोडे मांडतो, कारण चष्म्याच्या काचेवर प्रत्यक्षात काय काय असते हे डोळ्यांपुढे आले की काय करावे आणि काय करू नये हे पाठ करावे लागत नाही.

हल्लीची काच म्हणजे एकावर एक असे तीन निरनिराळ्या कामांचे लेप असलेले प्लास्टिक असते. सर्वांत खाली मूळ प्लास्टिक असते. सीआर-३९ हे चष्म्यांचे नेहमीचे प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट किंवा तुमच्यासारखे १.६० इंडेक्सचे. ते हलके असते आणि सहज फुटत नाही, पण मऊ असते. म्हणून त्यावर सिलिकॉनयुक्त कडक लाखेचा थर देऊन तो उष्णतेने पक्का करतात. त्याची जाडी साधारण २ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. ज्याला आपण चरे न पडणारे कोटिंग म्हणतो ते हे. त्याच्यावर निर्वात पेटीत सिलिकॉन, झिर्कोनियम, टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचे अनेक पातळ थर आळीपाळीने चढवतात. हे अँटीग्लेअर, आणि सगळे थर मिळूनही त्याची जाडी साधारणपणे अर्ध्या मायक्रॉनच्या आतच असते. सर्वांत वर फ्लोरीनयुक्त संयुगाचा, केवळ काही नॅनोमीटरचा, पाणी व तेल झटकणारा लेप असतो. आता रस्त्यावरच्या धुळीतला एक सामान्य कण वीस-तीस मायक्रॉनचा धरला, तर तो अँटीग्लेअरच्या संपूर्ण जाडीच्या पन्नास पटींहूनही मोठा ठरतो. घरांच्या कौलांवरून रोडरोलर फिरवावा, तसा हा प्रकार आहे.

राहिला कठीणपणाचा प्रश्न. खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोहच्या मापनपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर असते आणि नदीच्या वाळूत मुख्यतः तेच असते. आपल्याकडे आता बांधकामांवर नदीच्या वाळूऐवजी दगड फोडून केलेली क्रश सँड मोठ्या प्रमाणात वापरतात. दख्खनच्या पठारावर हा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. त्यातली फेल्डस्पार व पायरॉक्सिन ही खनिजे त्याच पट्टीवर ५ ते ६.५ च्या दरम्यान येतात. खिडकीची काच सुमारे ५.५ वर असते आणि चष्म्याचे प्लास्टिक तिच्यापेक्षा पुष्कळ मऊ. क्रशरमधून निघालेला कण ताजा फुटलेला असल्याने त्याच्या कडा धारदार असतात, तर नदीतला कण वाहून वाहून गोटीसारखा झालेला असतो. त्यामुळे भीमाकाठ यांच्या कामाच्या जागी कोरडे पुसणे हे घरात कोरडे पुसण्यापेक्षा बरेच अधिक घातक आहे. याउलट शिक्षकांना खडूच्या भुकटीची उगाच धास्ती वाटते. खडू जिप्समचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे २ किंवा ३ कठीणपणाचा. त्याने काच मळते, पण चरे पडतात ते त्याच्यात मिसळलेल्या मातीने.

अनेकांचा असा समज असतो की अँटीग्लेअरच्या काचांवर साध्या काचांपेक्षा जास्त चरे पडतात. या समजाला एक प्रकाशशास्त्रीय कारण आहे. १.६० इंडेक्सच्या, लेप नसलेल्या पृष्ठभागावरून सुमारे ५.३ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे पुढचा व मागचा पृष्ठभाग मिळून दहा टक्क्यांच्या वर. लेपानंतर हे प्रमाण प्रत्येक पृष्ठभागाला एक टक्क्याच्याही खाली येते. आता लेप असलेल्या काचेवर चरा पडला, तर त्या बारीक रेषेपुरता लेप गेलेला असतो आणि तेवढीच रेषा पूर्वीसारखा पाच टक्के प्रकाश फेकते, तर आजूबाजूचा भाग जवळजवळ काहीच फेकत नाही. अंधारात पेटलेली तार दिसावी तशी ती रेषा उठून दिसते. तोच चरा साध्या काचेवर असता, तर आजूबाजूच्या चकाकीत तो हरवला असता. म्हणजे चरे जास्त पडतातच असे नाही, दिसतात मात्र जास्त.

थोडे विषयांतर करतो. काचेवर लेप चढवून परावर्तन कमी करण्याची कृती जर्मनीतील येना येथे झाइस कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये साबणाच्या जातीच्या संयुगाचे, रेणूएवढ्या जाडीचे ४४ थर काचेवर चढवून चकाकी घालवली होती, पण तो लेप बोटाने पुसला तरी निघून जात असे. आजचे लेप त्याच्या तुलनेत लोखंडी म्हणावेत इतके टिकाऊ आहेत, तरीही त्यांची जाडी मायक्रॉनच्या अंशात मोजावी लागते हे विसरू नये.


घाटरस्ता:

माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूचा आहे. मी रोज दुचाकीने जातो. दोन्ही बाजूंच्या डंपरांची धूळ, वर हेल्मेट, पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे, असे सगळे माझ्या चष्म्याच्या वाट्याला येते. घरी पोहोचल्यावर नळाखाली धुवा असे सांगणे सोपे आहे, पण भररस्त्यात काचेवर धूळ बसली आणि समोर ऊन असेल, तर काय करायचे? मी सॅनिटायझर टिश्यूवर घेऊन पुसतो. त्याने डाग निघतो आणि काच लगेच वाळते. त्यात काही वाईट आहे का?

दुसरे असे की हेल्मेट घालताना आणि काढताना आतला स्पंज काचेवर घासतो. यावर उपाय म्हणून चष्मा आधी काढायचा, हेल्मेट घालायचे, मग हेल्मेटची काच वर उघडून चष्म्याच्या काड्या कानांमागे सरकवायच्या, ही पद्धत मी बसवून घेतली आहे. हेल्मेट काढतानाही तोच क्रम, उलट्या बाजूने. यामुळे काचा तर वाचतातच, काड्या वाकणेही थांबते. स्पंजात घाम आणि केसांचे तेल मुरलेले असते, ते काचेवर पसरले की रस्त्यावरचे दिवे फुलासारखे पसरलेले दिसतात आणि मग माणूस रागारागाने जे हाताला लागेल त्याने पुसत सुटतो. बहुतेक चरे या रागाच्या वेळी पडतात असे माझे मत आहे.


भिंगवाला:

घाटरस्ता, हेल्मेटची पद्धत उत्तम आहे. ती मी गिऱ्हाइकांना सांगेन. सॅनिटायझरबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. त्यातला अल्कोहोल कोटिंगला एकदम खातो असे नाही. काचा पुसण्याच्या तयार ओल्या कागदांमध्येही अल्कोहोल असतोच. पण हातांच्या सॅनिटायझरमध्ये त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ घातलेले असतात आणि ते काचेवर चिकट पडदा ठेवतात. त्या पडद्याला पुढची धूळ अधिक घट्ट चिकटते. शिवाय तुमची फ्रेम ॲसिटेट या प्लास्टिकची असेल, तर वारंवार अल्कोहोल लागून तिची झिलई जाते आणि ती पांढुरकी दिसू लागते. टिश्यू हा लाकडाच्या लगद्याचा कागद असतो, तो धूळ धरून ठेवत नाही, पुढे ढकलतो. त्यामुळे रस्त्यावरच्या गरजेसाठी मी असे सुचवेन की पिशवीत पिण्याच्या पाण्याची बाटली असतेच. चष्मा उभा धरून दोन्ही बाजूंवर थोडे पाणी ओता, कण वाहून जाऊ द्या, झटका, आणि मग स्वच्छ फडके टेकवून पाणी टिपा. घासू नका. चष्म्याचा स्प्रे असेल तर तोही चालेल, पण लोक एक फुसकारा मारून लगेच घासू लागतात. काचेवरून ओघळ येईल इतका स्प्रे मारला तरच त्याचा उपयोग. कण आधी तरंगले पाहिजेत. तोंडाची वाफ देऊन पुसण्यात हीच उणीव आहे: काच ओलसर होते, पण कण वाहून जाण्याइतके पाणी तिथे नसते.

आता घरच्या धुण्याबद्दल. आधी हात साबणाने धुऊन घ्यावेत, कारण हाताला तेल, क्रीम किंवा कणकेचा पापुद्रा असतो आणि तो काचेवर जातो. मग नळाच्या गार किंवा अगदी कोमट पाण्याची सौम्य धार काचेच्या दोन्ही बाजूंवर सोडावी आणि या वेळी बोट लावू नये. धूळ गेल्यानंतर भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटांच्या टोकांवर घेऊन काचा, नाकाच्या गाद्या, काड्यांचे सांधे आणि विशेषतः काच व रिम यांच्यामधली फट हलक्या हाताने धुवावी. हिरवट काळा मळ साचतो तो तिथेच, आणि पुढे फडक्याबरोबर काचेवर येतो. भांड्यांची साबणवडी मात्र वापरू नये, कारण तिच्यात घासण्यासाठी खनिजांची भुकटी घातलेली असते. अंगाचा साबण किंवा मॉइश्चरायझर असलेला हँडवॉशही नको, तो तेलकट थर ठेवतो. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन, चष्मा दोन-तीनदा झटकून, उरलेले थेंब टिपून घ्यावेत.

काच खरोखर स्वच्छ झाली की नाही हे पाण्यावरूनच कळते. वरचा लेप शाबूत असेल तर पाणी मण्यांसारखे गोळा होऊन घरंगळते. पाणी चादरीसारखे पसरून राहिले, तर एकतर साबण राहिला आहे किंवा तो लेप झिजत आला आहे. लेप झिजला म्हणजे काच वाया गेली असे नव्हे, फक्त ती लवकर मळेल आणि पुसायला अवघड जाईल.

बोअरवेलच्या पाण्याचे ठिपके म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पाणी काचेवर वाळू दिले तरच ते राहतात. म्हणून धुणे त्या पाण्याने केले तरी शेवटचा हात पिण्याच्या आरओच्या पाण्याचा, अगदी अर्ध्या वाटीचा, फिरवावा आणि लगेच टिपून घ्यावे. वाळलेले ठिपके कोरड्या फडक्याने खरवडू नयेत, पुन्हा ओले करून सोडवावेत. कोकणात किनाऱ्यावर फिरून आल्यावरही हेच: खारा थर आणि वाळू दोन्ही असतात, म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवायचे, फडक्याला नंतर हात लावायचा.

फडक्यांचे सांगायचे राहिले. एक घरी, एक कामाच्या जागी, असे दोन-तीन तुकडे ठेवावेत आणि ते आठवड्यातून एकदा पातळ साबणाच्या पाण्यात वेगळे धुवावेत. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव त्यांना लावू नये, कारण त्याचा मेणचट अंश तंतूंत बसतो आणि मग फडके काच पुसण्याऐवजी तिला माखते. गच्चीवर रस्त्याच्या बाजूला वाळत घालून त्यातच धूळ भरू नये, हे मुद्दाम सांगावे लागते. फडके डबीत काचेला टेकवून न ठेवता वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवावे. जुने, अनेकदा धुतलेले मलमल किंवा सुती धोतराचे फडके ओल्या काचेचे पाणी टिपण्यासाठी वाईट नाही. सुती धागा काही काचेपेक्षा कठीण नसतो. कोरड्या पुसण्यासाठी मात्र कोणतेच फडके चांगले नाही.


भीमाकाठ:

सर्वांचे आभार. भिंगवाला यांनी सांगितल्याप्रमाणे मी दुसऱ्या एका दुकानात चष्मा दाखवला. फ्रेम धातूची आहे. पट्ट्यांमधून पाहिल्यावर डाव्या काचेच्या वरच्या कडेला, नेमकी जाळी सुरू होते तिथेच, उजळ पट्टा दिसला, उजव्या काचेत तसा दिसला नाही. त्यांनी स्क्रू किंचित सैल करून दिला, पण जाळी तशीच राहील असे स्पष्ट सांगितले. त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली की कोटिंग पूर्ण काढून टाकता येते आणि त्याच काचा साध्या म्हणून वापरता येतात. ते करावे का? आणि टूथपेस्टचे उत्तर अजून यायचे आहे. घरात मुलीचाही चष्मा आहे. तिची काच पॉलिकार्बोनेटची आहे. तिच्यासाठी काही वेगळे पाहावे लागेल का?


भिंगवाला:

ताण त्याच जागी दिसला, तर आता कारणाबद्दल फारसा संशय उरत नाही. काच बसवताना जास्त आवळली गेली होती. गाडीतल्या उन्हाने त्यात भर घातली असेल. ज्या दुकानातून काचा घेतल्या तिथे बिल आणि काचांसोबत आलेले कार्ड घेऊन जा. कोटिंग सुटणे किंवा तडकणे यासाठी उत्पादकाची हमी अनेकदा चऱ्यांपेक्षा वेगळी लिहिलेली असते, म्हणून डाव्या काचेबद्दलच बोला. दोन्ही खुणा एकत्र सांगितल्या तर संभाषण पुन्हा पुसण्यावर येईल. ताणाची तपासणी तिथेच समोर करून दाखवण्याचा आग्रह धरावा.

कोटिंग काढून टाकणे हे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते, पण मी ते सुचवणार नाही. रसायनाने अँटीग्लेअर निघते, मात्र ते सगळीकडे सारखे निघेल आणि खालचा कडक थर जसाच्या तसा राहील याची खात्री देता येत नाही. चकाकी परत येते, चरे खोल असतील तर ते तिथेच राहतात, आणि तो थरही गेला असेल तर पुढचे चरे आणखी लवकर पडतात. टूथपेस्टचेही दुसऱ्या मार्गाने हेच होते. तिच्यात दात घासण्यासाठी सिलिकाची किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी असते. ती चऱ्याच्या भोवतालचा लेप घासून काढते. चरा कमी दिसू लागतो तो भरल्यामुळे नाही, तर आजूबाजूची काचही तितकीच खराब झाल्यामुळे. प्रयोगवही यांनी उठून दिसण्याचे जे कारण सांगितले त्यावरून हे सहज कळेल. त्यात नंबरच्या काचेची वक्रता ठरावीक असते. एकाच जागी घासून तिच्यात फरक पडला तर नजरेला त्रास होतो. खाण्याचा सोडा, राख, दंतमंजन यांनाही हेच लागू. चष्म्याच्या प्लास्टिक काचेवरचा चरा घरी किंवा दुकानात बुजवता येत नाही. तो डोळ्यासमोर येत असेल तर काच बदलणे एवढाच मार्ग आहे, आणि फ्रेम चांगली असेल तर फक्त काचा बदलून मिळतात.

निळ्या स्प्रेबद्दल: खिडक्यांच्या द्रवांपैकी काहींत अमोनिया किंवा तीव्र द्रावके असतात, आणि ते खऱ्या काचेसाठी बनवलेले असतात. लेप दिलेल्या प्लास्टिकवर ते वापरण्याचे काही कारण नाही.

मुलीच्या पॉलिकार्बोनेटच्या काचांबद्दल प्रयोगवही यांनी वर सांगितलेच आहे की मूळ प्लास्टिक मऊ असते. पॉलिकार्बोनेट त्यातही जास्त मऊ, म्हणून त्यावर कडक थर नेहमीच दिलेला असतो; आघात सहन करण्यात मात्र ते सर्वांत पुढे आहे आणि मुलांसाठी ते त्याचसाठी निवडतात. त्याला खरा धोका द्रावकांचा आहे. नखांचा रंग काढण्याच्या द्रवातले ॲसिटोन लागले तर ते पांढरे पडून तडकते. डास दूर ठेवणाऱ्या काही मलमांत व स्प्रेत डीट नावाचे द्रव्य असते, तेही काही प्लास्टिके मऊ करते. म्हणून चष्मा काढून मलम लावावे आणि हात धुऊनच चष्मा उचलावा. अत्तर, डिओडरंट, केसांचा स्प्रे हेही चष्मा घालण्यापूर्वी. मुलांना दोन्ही हातांनी चष्मा काढायला शिकवावे, कारण एका हाताने ओढून काढला की काडी पसरते, चष्मा नाकावर सैल होतो, मग तो घसरतो, आणि दिवसातून दहा वेळा बोटाने काचेला धरून वर ढकलला जातो. शाळेत डबी कडक कवचाची असावी. दप्तरात पुस्तकांखाली कापडी पिशवीतला चष्मा टिकत नाही.


प्रयोगवही:

एका गोष्टीची भर. नवीन काचा घेताना हिरवट झाक दिसते म्हणजे कोटिंग उत्तम आणि निळसर दिसते म्हणजे हलके, असे काही दुकानांत सांगतात. परावर्तनाचा उरलेला रंग हा थरांची जाडी कशी ठेवली आहे यावर ठरतो. तो निवडलेला असतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या कोटिंगवर जांभळट-निळी झाक असणे हे तर अपेक्षितच आहे. टिकाऊपणा त्यावरून कळत नाही. विचारायचेच असेल, तर कडक थर काचेच्या दोन्ही बाजूंना आहे का आणि हमीत कोटिंग तडकणे समाविष्ट आहे का, हे विचारावे.


घाटरस्ता:

पाण्याच्या बाटलीचा उपाय आज करून पाहिला. काच धुतल्यावर खाली पडलेल्या पाण्यात बारीक काळे कण स्पष्ट दिसले, म्हणजे रोज टिश्यूने मी तेच फिरवत होतो. भिंगवाला, एक शंका राहिली: दुकानात यंत्राच्या भांड्यात बुडवून चष्मा साफ करून देतात, ते कोटिंगला चालते का?


भिंगवाला:

चालते. त्या भांड्यात ध्वनिलहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि ते फटींतला मळ सोडवतात. शाबूत कोटिंगला थोड्या वेळाने काही होत नाही. जाळी पडलेल्या काचेवर मात्र तड्यांच्या कडेने थर सुटून पापुद्रे निघू शकतात, म्हणून भीमाकाठ यांनी डावी काच बदलेपर्यंत ते टाळावे.